केदारचं थांबणं

“शिरूरला पाहण्यासारखं काय आहे?” रजेचा अर्ज पुढे केला तेव्हा आमच्या प्राचार्यांनी विचारलं. घोड नदी आहे, बाजार समितीचं मोठं आवार आहे, पुणे–नगर रस्त्यावर कधीच न थांबणारी वाहनं आहेत. बाहेरगावची माणसं तिथे चहा पिऊन पुढे जातात. मी सहा दिवस राहिलो, त्यातला एक दौंडला काढला. परतून तीन आठवडे झाले. जे पाहायला गेलो होतो ते आता तिथे नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी चिपळूणच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझी पत्नी नंदा शिरूरची. तिचं माहेर बास्केटबॉलचं घर म्हणून त्या भागात ओळखलं जातं. माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, दौंडला रेल्वेत फिटर होते आणि रेल्वेकडून खेळायचे. त्यांचे दोन्ही मुलगे खेळले, नंदा विद्यापीठाकडून खेळली, आता नातवंडं खेळतात. त्या घरात सुनासुद्धा खेळाडू पाहूनच आणल्या. चेंडूला हात न लावलेला माणूस आता एकच उरला आहे, तो मी.

आमचा मुलगा केदार बारावीनंतर शिरूरच्या कॉलेजात गेला. आजोळी राहून खेळता यावं, एवढंच कारण. तीन वर्षं तो कॉलेजच्या संघात होता. त्या तीन वर्षांत मी त्याचा एकही सामना पाहिला नाही. कधी परीक्षा, कधी ग्रंथसंग्रहाची पडताळणी. पुढच्या वर्षी नक्की येतो, असं मी त्याला तीनदा सांगितलं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी न्हावऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला.

जानेवारीत माझा धाकटा मेव्हणा दिलीप याचा फोन आला.

“दाजी, आबा म्हणत्यात, तुम्ही एकदा येऊन जावा.”

“का? काय झालं?”

“तसं काय न्हाई. केदारचं एक ऱ्हायलंय हितं, पोरांच्या हातात. ते मोडायचं हाय आता. पण आबा म्हणत्यात, बापानं बघितल्याबिगर हात लावायचा न्हाई.”

मला काहीच उलगडलं नाही. नंदाला म्हटलं, चल. ती भांडी लावत होती. म्हणाली, “मी पाहिलंय. तुम्ही जा.”

शिरूर, पहिला दिवस

दिलीपची मुलगी साक्षी मला घ्यायला एस.टी. स्टँडवर येणार होती. ती केदारच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मुलींच्या संघातून खेळते. मी तिला सहा वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. केदार गेला तेव्हा आलो होतो, पण तेव्हा कुणाचाच चेहरा डोळ्यांत उतरला नव्हता.

गाडीतून उतरलो तर फाटकाकडे एक उंच पाठ चालली होती. डावा खांदा किंचित खाली, टाच जेमतेम टेकलेली, सगळा भार चवड्यावर. मी त्या पाठीमागे चालू लागलो. फाटक ओलांडलं, रसाच्या गाड्यापाशी वळलो, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या टेम्पोला वळसा घातला. हाक मारावीशी वाटत होती आणि मारली तर कोण वळेल याची भीतीही वाटत होती. तोंडातून नाव गेलंच असावं. पाठ थांबली आणि साक्षी वळली.

“असू द्या मामा,” ती म्हणाली. “पाठीमागनं सगळी मला तीच हाक मारत्यात. मी पण ओ देते आता.”

“ओ देतेस?”

“मंग काय करू? मी न्हाई म्हणलं की माणसं दचकत्यात.”

त्या भागात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, आमच्याकडे काका. केदारही इथे राहून असंच बोलायला लागला असेल, एवढंच मला वाटेत सुचलं. ती पुढे चालत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघायचं टाळत होतो.

घर गावाच्या नदीकडच्या टोकाला आहे, साधं स्लॅबचं, पुढे सिमेंटचं मोठं अंगण. जेवायला मेथीची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी. चिपळूणला पानात भात नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. इथे भात शेवटी, तोही मागितला तर. शोभावहिनी, दिलीपची बायको, चुलीपाशी बसून भाकऱ्या टाकत होत्या. टाकत होत्या म्हणजे अक्षरशः. त्या घरात भाकरी वाढत नाहीत, ती येते. तव्यावरून निघाली की मनगट वळायचं आणि भाकरी नेमकी ज्याच्या ताटात हवी त्याच्या ताटात पडायची. माझी मी झेलायला गेलो आणि ती आमटीत पडली.

“दाजी, हात कशाला घालता मधी?” वहिनी हसून म्हणाल्या. “ताट हाय की तुमचं. त्याला झेलू द्या.”

सगळे हसले. मीही हसलो. मग शेजारच्या खोलीतून आबांची हाक आली.

आबा ब्याऐंशीचे आहेत. अजून ताठ बसतात. त्यांनी मला समोर बसवलं आणि कामाचं बोलल्यासारखं बोलले.

“जावईबापू, फ्री थ्रो म्हंजी काय, म्हाईत हाय का?”

मी मान हलवली. नंदाकडून तेवढं कळलं होतं. समोरच्याने चूक केली की शिक्षा म्हणून मिळणारी फेक. आडवायला कुणी नसतं. रेषेवर उभं राहून पाच सेकंदांच्या आत चेंडू रिंगकडे टाकायचा.

“केदार टाकायच्या आधी थांबायचा. बॉल कपाळापशी न्यायचा आन् थांबायचा. आमच्या घरात ही खोड कुणाची न्हाई. मी बोललो न्हाई, कारण त्यो चारला सोडायचा, आन् बॉल जायचा. पोरं त्याच्यामागं उभी राहून शिकली. त्यो गेला. आता सगळी थांबत्यात. पण ह्यांना थांबायचं म्हाईत हाय, सुटायचं म्हाईत न्हाई. पाच हुत्यात, शिट्टी वाजती. आन् वाढत चाललंय. दिवाळीत पाच हुतं, आता सा हाय.”

“मग न थांबता टाकायला सांगा.”

“सांगितलं न्हाई व्हय?” आबा म्हणाले. “हात ऐकत न्हाई.”

दिलीप दारात उभा होता. तो रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. “मला तर कंपनीत बी व्हतंय, दाजी. परवा मशीनच्या बटनाकडं हात नेला आन् थांबलो. सुपरवायझर म्हणला, बंद पडलास का काय?”

तो हसला, पण एकटाच.

साक्षी भिंतीला टेकून बसली होती. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या संघाची निवड होती आणि शनिवारी दौंडच्या सामन्यात निवड करणारे बघायला येणार होते. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, “मी मनात म्हणते, दोनला सोड. मला वाटतं, सोडला. आन् बघते तर बॉल हातातच असतो.”

दुसरा दिवस: भिंत

आबांची शिकवायची रीत मी आजवर फक्त ऐकली होती. ती सूर्य वर आल्यावर सुरू होते आणि वीस मिनिटांत संपते.

अंगणाच्या पश्चिमेला शेजारच्या गोदामाची उंच, चुन्याने पांढरी केलेली भिंत आहे. तिच्यासमोरच लोखंडी खांबावर रिंग. जमिनीवर खडूने एक तिरकी रेघ. ही रेघ आबा दर आठ दिवसांनी स्वतः नव्याने ओढतात, कारण सूर्य सरकतो. रेघेवर सगळ्यांत पुढे चेंडू घेऊन एक जण उभा राहतो. त्याच्यामागे बाकीचे, एकामागे एक, रिकाम्या हातांनी. मागचे कुणी विटेवर, कुणी पाटावर, असे की भिंतीवर सगळ्यांची मिळून एकच सावली पडावी. पुढचा जे करील ते त्याच क्षणी मागच्यांनी करायचं. आबा बाजूला खुर्चीत बसतात, ते माणसांकडे बघतच नाहीत. भिंतीकडे बघतात. कुणाचा हात जरा आधी किंवा जरा नंतर गेला की सावलीला तिसरा हात फुटतो.

“हात कुणाचा?” आबा ओरडतात, आणि ज्याचा असेल तो गुपचूप आत घेतो.

त्या दिवशी पुढे साक्षी होती. मागे थोरल्या मेव्हण्याचे दोन मुलगे, मग दिलीप, शेवटी शोभावहिनी, साडी खोचून, पाटावर. मी आबांशेजारी उभा राहिलो. हवेत गारठा होता. आमच्याकडची थंडी ओली, अंगाला चिकटणारी. इथली कोरडी, कानाच्या पाळ्या कापणारी.

साक्षीने चेंडू दोनदा आपटला. गुडघ्यात वाकली. चेंडू कपाळाशी नेला, आणि थांबली.

मागचे चौघे थांबले. भिंतीवर एक सावली, दोन हात, एक चेंडू. रस्त्यावर ट्रक जात होते, पण आवाज लांब गेल्यासारखा झाला. मी भिंतीकडे पाहत होतो. ती साक्षीची सावली नव्हती. पाचांपैकी कुणाचीच नव्हती. चिपळूणला केदार सुट्टीत यायचा तेव्हा मोबाइलवर वाकून कोचावर पडलेला असायचा. त्याला असा उभा मी जन्मात पाहिला नव्हता, तरी तो तो होता, यात मला शंका आली नाही. डाव्या कोपराचा कोन, मानेची किंचित तिरकी ठेवण. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा.

चेंडू सुटला. पाच जणांचे हात खाली आले. रिंगला लागून चेंडू कुंपणाकडे घरंगळत गेला.

“बघितलंत?” आबांनी विचारलं.

“अजून एकदा,” मी म्हणालो.

साक्षी पुन्हा उभी राहिली. मी एकूण नऊ वेळा म्हणालो. मग सूर्य वर गेला, सावली भिंतीवरून उतरून जमिनीवर आली आणि मोडली.

तिसरा दिवस: हुरडा

त्या सकाळीही भिंतीपाशी मी “अजून एकदा” म्हणत राहिलो. दुपारी दिलीपच्या मित्राच्या शेतावर हुरडा खायला गेलो. कोवळी ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर घालून भुसा उडवायचा. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. आमच्याकडे पोपटीच्या वेळी मडक्यात वाल भाजतात, त्याची आठवण झाली. पण पोपटीची चव वाफेची, हुरड्याची दुधाची. माझ्या तळहाताला फोड आला. शेताचे मालक म्हणाले, “पावण्यांचा हात पुस्तकाचा हाय, त्याला कागद चोळायला द्या.”

सगळं छान चाललं होतं. मग थोरल्या मेव्हण्याच्या मुलाने ओंजळीतला हुरडा तोंडाकडे नेला आणि हात वाटेत थांबला. शेजारी बसलेल्या त्याच्या भावाचाही. साक्षीचाही. मालक काहीतरी सांगत होते, ते मध्येच गप्प झाले आणि आराकडे बघू लागले. त्यांना सवय असावी. मग तिघांचे हात एकदमच तोंडाला लागले आणि बोलणं पुढे सुरू झालं.

आबांना सांगायचं म्हणून मनात ठरवलं होतं, ते परतताना मी दिलीपला सांगितलं.

“शनिवारपर्यंत ते मोडू नका. मला एकदा सामन्यात बघायचंय. मी एकही सामना पाहिलेला नाही.”

दिलीप जीप चालवत होता. मागे बसलेल्या शोभावहिनींना ऐकू गेलं.

“दाजी, शनवारी पोरीला बघाय येणारेत.”

“मला माहीत आहे.”

“म्हाईत हाय म्हणताय?” त्यांनी विचारलं, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

साक्षी म्हणाली, “चालंल मामा.”

तिने ते फार लवकर म्हटलं. मला तेव्हाच ‘नको’ म्हणायला हवं होतं.

दौंड

शनिवारी सकाळी जीपने निघालो. न्हावऱ्याचा रस्ता. कुणी मला काही दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कांद्याची शेतं. एका बाभळीच्या अलीकडे जीपमधली बोलणी आपोआप थांबली. साक्षीचे हात मांडीवर होते, ते हळूच वर आले, कपाळाच्या उंचीला येऊन राहिले. मागच्या बाकावर थोरल्या मेव्हण्याच्या दोन्ही मुलांचे तसेच. दिलीपचा उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला. बाभूळ मागे गेली. हात खाली आले. कुणीतरी विचारलं, डबा घेतला का. जागा मला त्यामुळे कळली.

पाटसच्या अलीकडे उसाची ट्रॉली कलंडली होती. कारखान्याचा हंगाम जोरात, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि रस्ताभर ऊस. तासभर अडकलो. कडेच्या टपरीवर चहाला उतरलो. टपरीवाले मामा आमच्या लोकांना ओळखत होते. दौंडला जाताना संघ कायम तिथेच थांबतो. आम्ही पाच जण होतो. त्यांनी पाच चहा ठेवले आणि बाजूला एक पेला दुधाचा.

“दूध कुणाला?” मी विचारलं.

टपरीवाले मामा पेल्याकडे बघत राहिले. “उंच पोरगा असतुया न्हवं एक? त्यो चहा पीत न्हाई. दूध घेतो. आज न्हाई आला व्हय?”

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आताही कुणी सांगितलं नाही. चिपळूणला केदार रोज दोन वेळा माझ्यासमोर बसून चहा प्यायचा. तो चहा पीत नाही, हे मला पाटसला कळलं. मी ते दूध प्यालो. गार होतं, वर साय धरली होती. नुकताच ओतलेला पेला इतका गार कसा, ते मला अजून सांगता येत नाही.

दौंड हे रेल्वेचं गाव. स्टेशनाचा पसारा गावापेक्षा मोठा वाटतो, आणि बोलताना माणसं मध्येच थांबतात, गाडी जाऊ देतात, मग वाक्य पूर्ण करतात. सामना रेल्वे वसाहतीजवळच्या जुन्या मैदानावर होता. भोवती कडुलिंब, सिमेंटच्या पायऱ्या, पायऱ्यांवर आबांच्या वयाची बरीच माणसं, शेंगा सोलत. पंच होते इब्राहिमचाचा. ते आबांबरोबर रेल्वेत होते, त्यांच्याच संघात खेळायचे. साठीच्या पुढे गेले तरी शिट्टी सोडली नाही, असं दिलीप कौतुकाने म्हणाला.

खेळाचं मला काय कळणार? पण साक्षी चांगली खेळत होती, हे मलाही कळलं. पायऱ्यांवरून ओरडणं चालू होतं, “अगं पळ की, भाकरी खाल्लीस का न्हाई?” आणि ती पळत होती. तिसऱ्या रांगेत कोऱ्या टोप्या घातलेले दोघे कागदावर लिहीत होते. शेवटी शेवटी तिचा संघ एका गुणाने मागे होता. घड्याळात काही सेकंद उरले असताना समोरच्या मुलीने तिला ढकललं. दोन फ्री थ्रो.

साक्षी रेषेवर आली. चेंडू दोनदा आपटला. कपाळाशी नेला.

मी बघत होतो. हेच बघायला मी मोडणं थांबवून ठेवलं होतं. डावं कोपर, मानेची तिरकी ठेवण. पायऱ्यांवरच्या कुणाच्या तरी हातातली शेंग तशीच राहिली. लांब कुठेतरी मालगाडी जात होती, तिचा आवाज येता येता थांबला, असं वाटलं. साक्षीच्या पाठीमागे इब्राहिमचाचा हाताने सेकंद मोजत होते, हात बाहेर, आत, बाहेर, आत. पाचव्याला शिट्टी वाजली. फेक बाद.

दुसऱ्या फेकीच्या वेळी मी मनात म्हणत होतो, सोड, सोड. ती बहुतेक तेच म्हणत होती. तिच्या दंडाची नस मला पायरीवरून दिसत होती. पाचव्याला पुन्हा शिट्टी.

सामना गेला. टोप्या घातलेल्या दोघांनी कागद मिटले. साक्षी रडली नाही. चेंडू खाली ठेवून आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभी राहिली. जणू ते कुणी तिच्याकडे ठेवायला दिले होते.

चाचा शिट्टी गळ्यात तशीच ठेवून माझ्याजवळ येऊन बसले.

“आप केदारचे वालिद ना? मला शिव्या द्या पाहिजे तर. पण माझ्या हाताला पाच मोजावंच लागतं.”

“तुमची काय चूक, चाचा.”

“एक सांगू? तो चारवर सोडायचा. बरोबर माझ्या चारवर. मी मागं, त्याची पाठ माझ्याकडं, त्याला माझा हात कसा दिसणार? एक दिवस मी मुद्दाम हळू मोजलं. आजमावायला. घड्याळात सात झाले असतील. तरी त्यानं माझ्या चारवरच सोडला. मॅचनंतर मला येऊन म्हणतो, ‘चाचा, आज लई दमवलंत.’” चाचांनी नेहरू टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी हे आजवर कुणाला बोललो नाही. पोरीला पंधरा दिवसांनी परत बोलवा म्हणून मी त्या दोघांना सांगतो. माझं ऐकतील. पण तोवर हे काढा. अल्लाके वास्ते काढा.”

शेवटची सकाळ

रविवारी शिरूरला मी आबांसमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, “मी पाहिलं. मोडा.”

आबांनी माझे तळवे उलटून पाहिले.

“मोडाय कोरा माणूस लागतो,” ते म्हणाले. “ज्याच्या हाताला खेळ म्हाईत न्हाई असा. त्यो फुडं, बाकी मागं. पाटी पुसल्यागत. आन् घरातला लागतो.”

“याआधी कधी केलंय?”

“एकदा. दिलप्या लहानपणी बॉल सोडताना डोळं मिटायचा. तवा तुमच्या सासूबाईंना फुडं उभं केलं. त्यांनी बॉलला कधी हात लावला नव्हता. दिलप्याचं गेलं. पण असं हाय, जावईबापू. जातं म्हंजी कुठं जातं? जो फुडं असतो त्याच्यावर येतं. दिलप्याची आई मरेस्तोवर सुई ओवताना डोळं मिटायची. मिटल्या डोळ्यांनी बरोबर ओवायची, पण मिटायची. तवा मी कुणालाबी फुडं करत न्हाई. तुम्हाला चालंल का?”

एकदा शेवटचं बघून जा, म्हणून मला बोलावलं होतं. आता ते घरी न्याल का, असं विचारत होते. मी चालेल म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

सोमवारी सकाळी आबांनी खडूची रेघ पुन्हा ओढली. मी घरात सगळ्यांत बुटका, त्यामुळे मागे कुणाला विटा लागल्या नाहीत. साक्षीने चेंडू माझ्या हातात दिला. तो मला वाटला होता त्यापेक्षा जड होता आणि खरखरीत, जुन्या कापडी बांधणीच्या पुस्तकासारखा.

“इचार करायचा न्हाई,” आबा म्हणाले. “वर न्यायचा, सोडायचा.”

पाठीमागे पाच जणांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. भिंतीवर एक सावली होती, ती माझी नव्हती. मी तिच्या आत कुठेतरी होतो. चेंडू वर नेला आणि फेकला. रिंगच्या खूप अलीकडे पडला. कुणी हसलं नाही. दुसरा तसाच. तिसरा कुंपणावरून गेला, तो दिलीप पळत जाऊन घेऊन आला. चौथा, पाचवा. खांदे दुखू लागले. भिंतीवरचे हात माझ्याबरोबर वर जात होते आणि खाली येत होते.

मग एका खेपेला चेंडू कपाळाशी गेला आणि पुढे जाईना. मी थांबवला नाही. हात हलवावा असं वाटतच नव्हतं. आतून सगळं निवांत होतं, वाचताना पान संपल्यावर उलटायच्या आधी असतं तसं. भिंतीवर तिसरा हात फुटला. मग चौथा, पाचवा, सहावा. मागची सगळी माझ्या आधी सुटली होती. रिकामे हात हवेत वर गेलेले, बोटं फाकलेली, आणि त्यांच्यामध्ये माझे दोन अजून कपाळाशी, चेंडूसकट.

आबांनी “हात कुणाचा?” विचारलं नाही. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

मी कुणाची मोजणी ऐकत नव्हतो. चारवर चेंडू सुटला.

त्यानंतर साक्षीने चेंडू घेतला, रेषेवर गेली आणि दोनच्या आत टाकला. पुन्हा टाकला. पुन्हा. तिची सावली भिंतीवर पडत होती आणि ती तिची होती, डावा खांदा उजव्याच्या रेषेत. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. शोभावहिनी पाटावर बसून पदराने तोंड पुसत होत्या. स्टँडपर्यंत मला दिलीपने सोडलं. साक्षी फाटकापर्यंत आली, मग परत वळून चालत गेली. मी मुद्दाम पाहत राहिलो. एका उंच मुलीची पाठ होती.

परवा तिचा फोन आला. निवड चाचणी झाली, यादी अजून लागायची आहे, पण शिट्टी एकदाही वाजली नाही.

चिपळूण

घरी पोहोचलो त्या संध्याकाळी नंदाने फार काही विचारलं नाही. आबांची तब्येत, वहिनींचे गुडघे, एवढंच. चहा ठेवते म्हणाली. साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो, तिचा हात पुरतो पण मीच काढून देतो, अशी आमची पद्धत आहे. मी हात वर केला. डबा बोटांना लागला, आणि हात तिथेच राहिला.

पातेल्यातलं पाणी उकळत होतं, त्याचा आवाज लांब गेला. नंदा ओट्याशी उभी होती. तिने माझ्या कोपराकडे पाहिलं, मग मानेकडे. गॅस बारीक केला. पुढे आली नाही, हातातलं फडकं घट्ट धरून उभी राहिली. तिचे ओठ अगदी थोडे हलत होते.

“चार,” ती म्हणाली.

मी डबा खाली घेतला.